वर म्हंजे कोणीकडं?

मी त्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी सरांनी मला गाव विचारलं नाही, आडनावावरून सोयरीक काढायचा प्रयत्न केला नाही, चहाही विचारला नाही. मस्टरवरची माझी सही वाळायच्या आत ते समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुमी मराठी शिकवणार नं? मंग सांगा, वर म्हंजे कोणीकडं?"

मला वाटलं, गृहस्थ अध्यात्मातले दिसतात. मी जमेल तेवढा गंभीर चेहरा केला आणि बोट छताकडं दाखवलं.

"आन् ह्याच टायमाला तिकडं अमेरिकेतल्या मास्तरनं बोट वर केलं तर?"

पृथ्वी गोल आहे हे मला माहीत होतं, पण नव्या शाळेतल्या पहिल्याच दिवशी ते वापरावं लागेल असं वाटलं नव्हतं. मी बोट हळूच खाली, फरशीकडं वळवलं.

"मंग बराबर कोण? तुमी का तो?"

"दोघंही?" मी म्हणालो.

"बसा," सर म्हणाले. "आठवीतली लेकरं याच्यापेक्षा लवकर घाबरतेत."

पुढं माझी बदली होईपर्यंत आम्ही सोबत होतो. तेवढ्या काळात हा प्रश्न त्यांनी पोलीस पाटलाला विचारला, एसटीच्या कंडक्टरला विचारला, जनावरांच्या डॉक्टरला विचारला आणि एका लग्नात, लग्न लावणाऱ्या गुरुजींना ऐन मंगलाष्टकं चालू असताना विचारला. गुरुजी एक कडवं विसरले. नवरदेवानं मात्र मुंडावळ्या बाजूला करून खरंच वर पाहिलं.

शाळा आखाडा बाळापूरच्या आत, फाट्यावरून वळून जावं लागे अशा गावात. मी बाळापुरात खोली करून राहायचो आणि सरांच्या गाडीवर मागं बसून जायचो. सर विज्ञान शिकवायचे. पुस्तकात अंतराळावर असेल ते पान-दीड पान. सर मात्र दर शनिवारी खिचडी झाली की पोरांना अंतराळात शेती कशी करायची ते शिकवायचे. पोरं त्यांना अंतराळ सर म्हणत, गावातली माणसं चांदावरचा मास्तर म्हणत आणि मुख्याध्यापक नुसतं "ते" म्हणत. "ते आलेत का? काय आणलंय आज? वास येतो का त्याला?" अशी चौकशी करत.

सगळं शास्त्र त्या एका प्रश्नातून निघे. "बी मातीत कसंबी टाका, उलटं टाका, आडवं टाका," सर सांगत, "मूळ खालीच जातंय, कोंब वरच येतोय. काहून? धरती खाली वढून राहिली, त्यावरून बी वळखतंय. आता तेच बी अंतराळात नेलं. तिथं वढायला कोणी न्हाई. मंग मूळ कोणीकडं धाडू, कोंब कोणीकडं धाडू? बी बिचारं मधातच लटकतंय, आपल्या मुख्याध्यापकावाणी." मुख्याध्यापक दारात उभे असले की हे वाक्य जरा मोठ्यानं येई.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम बिया असत. पेन नसे, चष्मा नसे, पण मूठभर मेथी, मूग, गहू, असं काहीतरी असेच. एकदा श्रावणात झड लागली होती, दोन दिवस कपडे वाळत नव्हते आणि सरांनी तोच ओलसर सदरा घातला होता. परिपाठाला राष्ट्रगीत चालू झालं आणि पहिल्या रांगेतल्या पोरींचे खांदे हलू लागले. सरांच्या खिशातून मेथीचे पांढरे कोंब बाहेर डोकावत होते. राष्ट्रगीतात हलायचं नाही म्हणून सर ताठ, पोरीही ताठ, आणि मेथी तेवढी मोकळी. गाणं संपताच सरांनी खिसा उलटा केला, लगदा तळहातावर घेतला आणि म्हणाले, "बघा. माती न्हाई, वावर न्हाई. फकस्त ओल आन् ऊब. अंतराळात याच्यापेक्षा जास्त कायबी भेटत न्हाई." त्या दिवशीचा परिपाठ तासभर चालला. सुविचार राहूनच गेला.

पाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. अंतराळात पाण्याचा थेंब टाकून देत नाहीत, माणसाचा घामसुद्धा गाळून परत वापरतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि मनावर घेतलं होतं. झेंडावंदनाला बाहेरून एक वजनदार पाहुणे आले होते. भाषण लांबलं, उन्हानं पाहुण्यांचा कोट भिजला. आभार मानायला सर उठले आणि म्हणाले, "पाहुण्यांनी आपल्यासाठी एवढा घाम गाळला. अंतराळात असतो तर ह्या घामावर मेथीच्या दोन जुड्या निघाल्या असत्या. इथं वाया गेला." त्यानंतर आभाराचं काम माझ्याकडं आलं.

पोरं मात्र सरांवर जीव टाकत. शेतकऱ्याची पोरं, तांड्यावरून चालत येणारी पोरं, त्यांना शेतीतलं कुणी काय सांगणार? ती थेट मुद्द्याचं विचारत.

"सर, तिथं रानडुक्कर येतेत का?"

"न्हाई."

"रोही?"

"न्हाई."

"तण?"

"न्हाई बा."

पोरं एकमेकांकडं पाहत. मग तांड्यावरची एक पोरगी उठून म्हणायची, "मंग सर, आपण इथं काहून पेरून राहिलो?"

आणि खताचा विषय निघाला की तास संपला म्हणून समजा. अंतराळवीर शौचाला कसे जातात हे सरांनी एकदा चित्र काढून सांगितलं. घंटा झाली तरी पोरं उठली नाहीत. माझ्या तासाला कधी असं झालेलं मला आठवत नाही.

मी तिथं असतानाच आपला माणूस अंतराळात जाऊन आला आणि त्यानं तिथं मूग न् मेथी भिजवून कोंब आणले, तेव्हा सर आठवडाभर असे वागत होते की जणू भिजत घालायला बी त्यांच्याच खिशातून गेलं होतं. एकच तक्रार होती. "हळद काहून न्हाई नेली?" आमच्या जिल्ह्यात हळद म्हणजे काय हे मी सांगायला नको. मी म्हणालो, "सर, हळदीला नऊ महिने लागतात. आणि काढली तरी शिजवायची कुठं? तिथं कढई कशी मांडणार?" सर गाडी चालवत होते. गाडीवरून उतरताना म्हणाले, "मराठी, तुमी माणसाला खाली वढता." ते आम्हा सगळ्यांना विषयाच्या नावानंच हाक मारत. मी मराठी. ड्रॉइंगच्या मास्तरांना ड्रॉइंग.

तर ह्या सगळ्या उद्योगाला त्यांच्याकडं एक खोली होती. पूर्वी तिच्यात खिचडीच्या तांदळाची पोती असत. उंदरांनी ती सोडली तेव्हा सरांनी घेतली. आत फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टिकचे डबे, डब्यांत स्पंज, कापूस, नारळाच्या शेंड्या, आणि त्यांत उगवलेलं काय काय. झाडाला लाल आणि निळा उजेड पुरतो म्हणून सरांनी तसले दिवे लावले होते. दोन्ही मिळून खोलीत झगझगीत गुलाबी उजेड पडे. शाळा सुटल्यावर खिडकीतून तो रस्त्यावर दिसे. गावात बोलवा उठली की शाळेत संध्याकाळी गुलाबी लाईट लागते आणि दोन मास्तर आत असतात. दुसरा मास्तर मी. माझ्या घरमालकानं मला एकदा फार आपुलकीनं विचारलं, "सर, लग्नाचं बघून राहिले का न्हाई तुमच्या घरचे?"

ही बोलवा शाळा समितीच्या अध्यक्षांच्या कानावर गेली. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. त्याला ती खोली हवी होती, एवढंच. गणेश मंडळाच्या खुर्च्या, सतरंज्या, मांडवाचे बांबू त्याच्या घरी अडगळ करून राहिले होते आणि घरात आईपुढं त्याचं काही चालत नव्हतं. त्यानं बैठक बोलावली.

"सर, आमाला शास्त्र कळत न्हाई," अध्यक्ष म्हणाला. "पण त्या खोलीतली झाडं आमच्या वावरातल्यावाणीच वर वाढून राहिली. मंग अंतराळ कुठंय त्याच्यात?"

प्रश्न बरोबर होता. डब्यातली मेथी शेवटी हिंगोली जिल्ह्यातलीच मेथी होती. वर म्हणजे कुठं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"वर कोणीकडं हे झाडाला कळलंच न्हाई, असं करून दाखवतो," सर म्हणाले.

"कवा?"

"दसऱ्याला."

"दाखवलं तर खोली तुमची. न्हाई तर आमच्या खुर्च्या येतेत," अध्यक्ष म्हणाला. मुख्याध्यापकांनी दोन्ही बाजूंनी मान हलवली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, हे कसं करणार?" ते खिशातले गहू तळहातावर फिरवत होते. "खोली गेली तर लेकरं अंतराळ कुठं बघतील, मराठी? फळ्यावर?" एवढंच म्हणाले. गाडीची किल्ली लावायला त्यांना त्या दिवशी वेळ लागला.

युक्ती त्यांना गणपतीत सुचली. मूर्तीच्या मागं सावकाश फिरणारं चक्र असतं ना, त्याची मोटर. विसर्जन झाल्यावर त्यांनी ती मंडळाकडून, म्हणजे अध्यक्षाकडूनच, मागून आणली. भंगारातल्या सायकलीचं चाक एका लाकडी घोडीवर उभं बसवलं, मोटरला पट्टा लावला. चाकाच्या कडेनं कापडाच्या पुरचुंड्या बांधल्या, त्यांत काळी माती, मातीत गहू, सगळ्यांची तोंडं बाहेर. जनावरांच्या डॉक्टरकडून मोठी पिचकारी आणली, ती पाणी द्यायला. उजेडाकडं झाड वळू नये म्हणून पुरचुंड्यांभोवती जुन्या छत्र्यांचं काळं कापड, चाकाच्या मधल्या तारा तेवढ्या उघड्या. चाक इतकं सावकाश फिरे की बघणाऱ्याला जांभई यावी.

"आता बघा," सर पोरांना म्हणाले. "कोंबाला वाटंल वर इकडं, तवर चाक फिरलं. आता वर तिकडं. तो वळायला लागंल, तवर आणखी तिसरीकडं. शेवटी तो म्हणंल, मरू द्या, आपुन नाकासमोर चालू. अंतराळात गेल्यावाणी. फकस्त एक. चाक थांबलं न्हाई पायजे. थांबलं की त्याला वर कळलं. कळलं की खोली गेली."

पेरणी झाली तो घटस्थापनेचा दिवस निघाला. सरांच्या ते ध्यानातही नव्हतं. माझ्या होतं. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुख्याध्यापकांनी मला सरांच्या प्रयोगाबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मराठीचा माणूस, दृष्टान्ताशिवाय मला उभं राहता येत नाही. मी म्हणालो, "मुलांनो, तुमच्या घरी काल काय झालं? काळ्या मातीत गहू पेरला. ऊन नाही, वावर नाही, देवघरातल्या अंधारात. मडक्यातून पाझरेल तेवढंच पाणी. सरांच्या खोलीत वेगळं काय आहे? तो अंतराळातला घटच आहे!"

टाळ्या पडल्या. मी खूश होऊन बसलो. एवढा चांगला दृष्टान्त मला पुन्हा कधी सुचला नाही, आणि सुचू नये यासाठी सर पुढं काळजी घेत राहिले.

मधल्या सुट्टीच्या सुमारास बायका आल्या. अनवाणी, हातात ताटं. सगळ्यांत पुढं अध्यक्षाची आई. गाव तिला मोठी माय म्हणे. सर वर्गावर होते, खोलीच्या दारात मी. "मास्तर, शाळेत घट बसला म्हनं. लेकरं सांगून राहिलेत. बाजूला व्हा." मी झालो. सर धावत येईपर्यंत चाकाला हळद-कुंकू लागलं होतं, पुढं दिवा लागला होता आणि तरवडाच्या फुलांची माळ चाकावर चढली होती. ती माळ चाकाबरोबर एक चक्कर फिरली, आसाला गुंडाळली आणि पट्टा निसटायला आला.

"माळ काढा! चाक थांबंल!" सर ओरडले.

"घटाची माळ काढतेत व्हय?" मोठी माय म्हणाली. मग तिनं नीट पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "अवं, हा घट हालून राहिला. बसवलेला घट हालवतेत का कुठं? बंद करा ते यंत्र."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. तसं त्यांनी मुख्याध्यापकांकडंही कधी पाहिलं नव्हतं. माझ्या एका दृष्टान्तानं चाक थांबत होतं, खोली जात होती. मी खिडकीतून बाहेर बघू लागलो.

पण सर ते सरच. त्यांनी मोठ्या मायला स्टूल दिलं आणि विचारलं, "माय, वर म्हंजे कोणीकडं?"

"डोस्क्यावर," ती पटकन म्हणाली. आजवर एवढं चोख उत्तर कुणी दिलं नव्हतं. सर दोन पावलं मागं सरकले.

"बराबर. आता तुमच्या घरचा घट. तो हालतो का?"

"न्हाई."

"ही धरती सूर्याभवती गरगर फिरून राहिली. तुमचं घर घेऊन, देवघर घेऊन, घट घेऊन. मंग घट हालला का?"

मोठी माय विचारात पडली. बायकाही.

"हालला न्हाई," सर म्हणाले. "कारण तो जसा बसवला तसाच हाय. हा घटबी जसा बसवला तसाच हाय. फिरता बसवला. आता तुमी थांबवला तर घट हालवल्याचं पाप कुणाला?"

मोठी माय उठली, माळ आसावरून सोडवून वरच्या खिळ्याला टांगली, चाकाला नमस्कार केला आणि बायकांना म्हणाली, "फिरता बसलाय. आता दसऱ्यापस्तोर थांबायला नगो. ध्यान ठेवा बायांनो."

सर बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "मराठी, जिंदगीभर इज्ञान शिकवलं, आन् वाचवलं कशानं?" ते हसत नव्हते.

माळा रोज येत होत्या, खिळ्याला लागत होत्या, सर रोज कपाळाला आठी घालून त्या मोजत होते, आणि अशात एका सकाळी गावाची डीपी जळाली. धूर निघाला, मोठा आवाज झाला, गावाची लाईट गेली. आमच्याकडं डीपी जळाली म्हणजे नवी येईपर्यंत गाव मोबाइल चार्ज करायला बाळापूरला जातं. मोटर बंद.

सर खोलीत एकटेच चाकापुढं उभे होते. एका हातानं चाक फिरवत होते. "किती वेळ फिरवाल?" मी विचारलं. "दसऱ्यापस्तोर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज ऐकून मला चेष्टा करवली नाही.

तेवढ्यात मोठी माय आली. तिला पोरांनी सांगितलं होतं. "मास्तर, व्हा बाजूला. अखंड दिव्याला रातभर तेल कोण घालतंय? आमीच नं? मंग चाक फिरवायला लाईट कशाला पायजे?"

आणि गावानं पाळ्या लावल्या. दिवसा बायका, शाळा सुटल्यावर पोरं, रातच्याला भजनी मंडळ, कारण त्यांना तसंही जागायचंच होतं. गाणं संपलं की टाळ एका हातातून दुसऱ्या हातात आणि चाकाचा हातही एकाकडून दुसऱ्याकडं. सर प्रत्येकाला फिरवायचा वेग शिकवत. "लय जोरात नको. गिरणी न्हाई ही." अध्यक्षही एकदा येऊन गेला. चाक फिरवणाऱ्या आईकडं त्यानं पाहिलं, आईनं त्याच्याकडं पाहिलं, आणि तो मुकाट्यानं तिच्या जागी बसून फिरवू लागला. आपल्याच खुर्च्यांची जागा आपण हातानं घालवतोय हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मीही पाळी मागितली. सरांनी आधी नाही म्हटलं, मग माणसं कमी पडली म्हणून दुपारची दिली. "मराठी, तोंड बंद ठेवायचं आन् हात चालू. एवढंच हाय." मी म्हणालो, त्यात काय अवघड.

माझ्या पाळीला मोठी माय आणि चार बायका वाती वळत बसल्या होत्या. मोठी माय म्हणाली, "मास्तर, तुमी म्हनं लय गोष्टी सांगता. सांगा एखादी." आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? मी साखऱ्याची गोष्ट सांगितली.

ती अशी. माझी पहिली नेमणूक साखऱ्याला, सेनगाव तालुक्यात. एसटीतून उतरलो तर वेशीवर बँड, माणसं, पोरं. मी उतरताच बँड वाजला. दोघांनी मिठी मारली, कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर नवी पांढरी टोपी. मला वाटलं, किती शिक्षणप्रेमी गाव! मी तिथंच उभं राहून भाषण ठोकलं, "आपण दिलेल्या या प्रेमाची परतफेड मी आपल्या लेकरांना घडवून करीन." माणसं जरा गोंधळली, पण टाळ्या वाजवल्या. मला मिरवत मांडवात नेलं, पुढच्या पाटावर बसवलं, जेवायला वाढलं. दुसरी बुंदी घेत होतो तेव्हा नवरदेवाचा खरा मामा पुढच्या एसटीनं उतरला. बँडवाले जेवत होते, त्यामुळं तो बिचारा चालतच आला आणि त्यानं येऊन पाहिलं तर त्याच्या पाटावर मी.

ही गोष्ट एका हातानं सांगताच येत नाही. मिठीला दोन हात लागतात, भाषणाला दोन, आणि मामाचा चेहरा दाखवायला तर उठून उभं राहावं लागतं. बायका हसून हसून आडव्या झाल्या. मोठी माय डोळे पुसत म्हणाली, "आन् टोपी? टोपी दिली का परत?" "नाही," मी म्हणालो, "घरी आहे." मग बुंदीचं पुन्हा सांगावं लागलं, मग दुसऱ्या बायका आल्या, त्यांच्यासाठी पहिल्यापासून.

सावल्या लांबल्या तेव्हा मोठी माय एकदम चाकाकडं वळली. मीही. चाक निवांत उभं होतं. केव्हापासून, देवाला ठाऊक. मी झडप घालून फिरवायला लागलो. मोठ्या मायनं बायकांकडं एक नजर टाकली आणि सगळ्या जणी पुन्हा वाती वळू लागल्या.

दसऱ्याला शाळेत जत्रा लोटली. अध्यक्ष, समिती, मुख्याध्यापक, पोरं, सगळा तांडा. मी प्रसंग मोठा म्हणून साखऱ्याची टोपी घालून गेलो होतो. सरांनी नवा सदरा घातला होता, खिसा रिकामा होता. त्यांनी काळ्या कापडाची गाठ सोडली.

चाकाच्या चारी अंगांनी पिवळेधमक कोंब निघाले होते. वरचे वर, खालचे खाली, बाजूचे आडवे, सूर्याच्या किरणांसारखे. पोरांनी आरोळी ठोकली. गव्हाला वर कळलं नव्हतं! सरांचे डोळे भरले, आणि तेवढ्यात अध्यक्ष खाली वाकला.

"सर, हे बघा. हे वाकडे हायेत."

होते. वरच्या बाजूचे सरळ होते, पण दोन्ही बाजूंचे आणि खालचे कोंब मध्येच एका ठिकाणी मुरडले होते. थोडं सरळ, मग एक वाक, मग पुन्हा सरळ. सगळ्यांचा वाक एकाच उंचीवर, जणू कुणी एकाच वेळी सगळ्यांना हाक मारली होती.

"म्हंजे फसलं," अध्यक्ष म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, पण खुर्च्या होत्या.

सर गुडघ्यावर बसले. एकेक कोंब बोटानं तपासू लागले. चाक थोडं फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं. मला घाम फुटला. मेथीच्या दोन जुड्या सहज निघाल्या असत्या.

"चाक कुणी थांबवलं?" सर म्हणाले. "असं, ही तार खाली असताना. पाच-सहा दिवसांपाठी. चांगलं दुपारभर."

मी टोपी नीट केली. मग मोठी माय म्हणाली, "ह्या मास्तरनं. गोष्ट सांगून राहिला व्हता. मीच सांग म्हनलं व्हतं."

सर उठले. मला वाटलं, आता पोरांदेखत होणार. त्यांनी मला मिठी मारली. साखऱ्यानंतर मला अशी मिठी कुणी मारली नव्हती.

"मराठी! अरे, हे तर मला सुचलंच न्हाई!" मग पोरांकडं वळले, आवाज चढला. "बघा रे! चाक फिरून राहिलं तवर कोंबाला वर ठाऊक न्हाई. सरळ चालला. ह्या बाबानं गोष्ट सुरू केली, चाक थांबलं, आन् खालच्या कोंबाला कळलं, अरे, वर तर तिकडंय! वळला. गोष्ट सपली, चाक फिरलं, पुन्यांदा इसरला, पुन्यांदा सरळ. नुसतं सरळ निघालं असतं तर तुमी म्हनले असते, गहू सरळच येतोय, त्याच्यात काय. आता ह्या वाकावर बोट ठेवून सांगा, अंतराळ कुठंय!"

अध्यक्षानं खरंच वाकावर बोट ठेवलं. कोंबावरून बोट पुढं नेलं, मागं आणलं. बराच वेळ.

"अध्यक्ष," सर म्हणाले, "वर म्हंजे कोणीकडं?"

अध्यक्षाचं बोट उठलं, आणि छताकडं जाता जाता मध्येच थांबलं. तो त्या बोटाकडं बघत राहिला.

"खुर्च्या मी घरीच ठेवतो," तो म्हणाला.

"घरी न्हाई," मोठी माय म्हणाली. "समाजमंदिरात ठेव. आन् मास्तर, ऐका. घट एकदा जिथं बसला तिथंच दर साली बसतोय. पुढल्या सालीबी ह्याच खोलीत. फिरताच. मोडायचा न्हाई आता."

खोली वाचली. नुसती वाचली नाही, कायमची वाचली. सरांनी डोळे मिटले. आयुष्यभर पोरांना कार्यकारणभाव शिकवलेल्या माणसाला दर वर्षी तरवडाच्या माळा लागणार होत्या. "अंतराळात गेलो असतो," ते पुटपुटले, "तर एवढी तकलीफ झाली नसती."

मग घट उठला. दसऱ्याला घटाचं धान खुडून वाटतात, गडी टोपीत खोवतात, बायका केसांत. सर खुडत होते, मोठी माय वाटत होती. अध्यक्षाला सरळ कोंब मिळाला, मुख्याध्यापकांना सरळ मिळाला. पोरं मात्र वाकडाच पाहिजे म्हणून भांडत होती. माझ्या पाळीला मोठ्या मायनं मुद्दाम शोधून सगळ्यात मोठ्या वाकाचा कोंब काढला आणि माझ्या टोपीत खोवला. पण तो नीट उभा राहीना. वाकल्या जागेपासून टोक बाजूला पडे.

सर पुढं आले. त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर जरा फिरवली, लांबून पाहिलं, पुन्हा जरा फिरवली. कोंबाचं टोक आभाळाकडं आलं.

"आता बराबर," ते म्हणाले. "हालू नका, मराठी. आन् बोलू तर बिलकूल नका."